पाप कोणाचे? – आजारी मूल, ख्रिस्ती श्रद्धा आणि मनाची शुश्रूषा

निदान सांगून झाले की आईवडील पहिला प्रश्न उपचारांविषयी विचारतील, अशी आपणा डॉक्टरांची अपेक्षा असते. गेल्या पंचवीस-सव्वीस वर्षांत माझ्या ओपीडीत मात्र बहुतेक वेळा त्याआधी दुसराच प्रश्न आला आहे. कधी शब्दांतून, कधी नुसत्या नजरेतून. ‘आमचं काय चुकलं?’ फाटलेल्या ओठाचे बाळ मांडीवर घेतलेली आई ग्रहणात विळीला हात लावल्याचे आठवत असते. थॅलेसेमियाच्या मुलाची आजी कोण्या जुन्या, न फेडलेल्या नवसाचा विषय काढते. कोणी पूर्वसंचित म्हणते, कोणी नजर, कोणी शाप. मी स्वतः ख्रिस्ती घरात वाढले. आमच्या घरांत हाच प्रश्न ‘पाप’ आणि ‘विश्वासाचा कमीपणा’ या शब्दांत येतो.

या लेखात मी ख्रिस्ती परंपरेपुरतेच बोलणार आहे. एक तर ती मला आतून ठाऊक आहे. दुसरे असे की, आजारी माणसाच्या मनाची शुश्रूषा करण्याचे सामर्थ्य आणि त्याच मनावर घाव घालण्याचे सामर्थ्य, ही दोन्ही एकाच श्रद्धेच्या ठायी असू शकतात, हे मला एका मुलीच्या आजारात फार जवळून पाहावे लागले.

पंधरा वर्षांपूर्वीची गोष्ट. ओळख पटू नये एवढे तपशील बदलून सांगते. खानापूर तालुक्यातील एका ख्रिस्ती कुटुंबातली नऊ वर्षांची मुलगी ऐन पावसाळ्यात माझ्याकडे आली. महिन्याभरात अंगावरचे कपडे सैल झालेले, रात्रीतून चार-चार वेळा पाणी पिणे, आणि कधीच सुटलेली अंथरूण ओले करण्याची सवय परत आलेली. टाइप १ मधुमेहाचे निदान करायला फारसे कौशल्य लागले नाही. आईवडिलांना समोर बसवून मी नेहमीचे व्याख्यान दिले. शरीराची संरक्षणव्यवस्थाच स्वादुपिंडातील बीटा पेशींवर हल्ला करते, गोड खाण्याने हा आजार होत नाही, इन्सुलिन मात्र आयुष्यभर घ्यावे लागेल. कागदावर चित्रही काढून दिले. आईने सारे ऐकून घेतले आणि विचारले, ‘पण मॅडम, आमच्याच पोरीला का हो?’ मी पुन्हा जनुके आणि विषाणू यांच्याकडे वळले. तिने मान हलवली. उत्तर पोहोचले, असे मी समजले.

आठ महिन्यांनी रात्री अकराच्या सुमारास तीच मुलगी बेशुद्धीच्या काठावर आली. श्वास खोल आणि धापेचा, तोंडाला पिकलेल्या फळासारखा वास, रक्तशर्करा ५०० च्या वर. सलाईन, तासाला किलोमागे ०.१ युनिट या हिशेबाने इन्सुलिन, पोटॅशियमवर नजर, आणि मेंदूला सूज येते की काय ही रात्रभराची धास्ती. आपल्यापैकी बहुतेकांनी अशी रात्र काढलेली आहे. पहाटे तिने डोळे उघडले. तीन दिवस इन्सुलिन दिलेच नव्हते, हे तेव्हा कळले. कोण्या एका प्रार्थनासभेत कोणीतरी आईला सांगितले होते की, एका हातात प्रार्थना आणि दुसऱ्या हातात सुई धरणाऱ्याचा विश्वास अर्धाच असतो.

मी त्या आईवर ओरडले. वॉर्डात, इतर रुग्णांच्या नातेवाइकांदेखत. ती काही बोलली नाही. पदराचे टोक बोटाला गुंडाळत उभी राहिली. त्या वेळी मला तो माझा अधिकारच वाटला. आज असे वाटते की, प्रार्थनासभेतल्या त्या माणसाने तिला जे सांगितले तेच मीही वेगळ्या शब्दांत सांगत होते: दोष तुझा आहे.

दुपारी मुलीने आमच्या सिस्टरना हळूच विचारले, ‘मी मावशीच्या लग्नात चोरून पेढे खाल्ले होते, ते मॅडमना कळलंय का?’ तिच्या मनात सारा हिशेब तयार होता. पेढे चोरले म्हणून आजार आला. चोरी कोणाला सांगितली नाही म्हणून प्रार्थना ऐकली गेली नाही. गोड खाण्याने हा आजार होत नाही, हे मी आठ महिन्यांपूर्वी सांगितले होते. पण ते तिच्या आईवडिलांना. मुलीला खेळायला बाहेर पाठवले होते.

जाँ पियाजे याने १९३२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात मुलांच्या नीतिकल्पनांचा अभ्यास मांडला आहे. सफरचंदे चोरून पळणारा मुलगा कुजक्या पुलावरून जाताना पाण्यात पडतो, अशी गोष्ट तो मुलांना सांगत असे. चोरी केली नसती तर पूल मोडला असता का, असे विचारल्यावर लहान मुले ठामपणे म्हणत, नसता मोडला. वस्तूंच्या ठिकाणीच शिक्षा दडलेली असते, ही बालमनाची धारणा वाढत्या वयाबरोबर सहसा मागे पडते. मात्र घरातली मोठी माणसेही आजार आला की चुकीचा शोध घेऊ लागली, तर ती धारणा मागे पडायला वाव राहत नाही. आजारी मुलाला ‘तुझ्यामुळे झाले नाही’ हे वेगळे, त्याला समजेल अशा भाषेत आणि पुन्हापुन्हा सांगावे लागते, हा धडा मी एम.डी.च्या पुस्तकांतून घेतला नव्हता. तो पेढ्यांच्या त्या प्रश्नाने दिला.

तिसऱ्या दिवशी त्यांच्या मंडळीचे वयोवृद्ध पाळकसाहेब मुलीला भेटायला आले. मी जरा सावधच होते. खरे सांगायचे तर वाद घालायच्या तयारीत होते. त्यांनी आधी माझ्याकडून आजार समजावून घेतला. इन्सुलिन नव्हते तेव्हा अशा मुलांचे काय होई, असे त्यांनी विचारले. जानेवारी १९२२ मध्ये टोरांटोत चौदा वर्षांच्या एका मुलाला पहिले इंजेक्शन मिळाले, त्यापूर्वी ही मुले थोड्याच काळात दगावत, असे मी सांगितले. ते बराच वेळ गप्प बसले. मग खाटेजवळ स्टूल ओढून त्यांनी योहानाच्या शुभवर्तमानाचा नववा अध्याय वाचून दाखवला.

ख्रिस्ती नसलेल्या वाचकांसाठी तो प्रसंग सांगते. वाटेत एक जन्मांध मनुष्य दिसतो. शिष्य येशूला विचारतात, हा आंधळा जन्मला ते कोणाच्या पापामुळे, याच्या की याच्या आईबापांच्या? प्रश्न विचारणारे दुष्ट नव्हते. त्यांच्या काळी ते रीतसर तत्त्वज्ञानच होते. येशू दोन्ही पर्याय नाकारतो. ना याच्या पापामुळे, ना आईबापांच्या. पुढे, देवाची कार्ये याच्या ठायी प्रकट व्हावीत म्हणून, असे एक वाक्य येते. त्या उत्तरार्धाशी माझे आजही पुरते जमलेले नाही. एका लेकराने त्यासाठी अंधत्व का भोगावे, हे मला कळत नाही. पाळकसाहेबांना मी तसे बोलूनही दाखवले. ते म्हणाले, ‘मलाही सगळं कुठं कळतं, डॉक्टर? पण पूर्वार्ध तरी नीट वाचू या. तेवढ्यानं या बाईचं ओझं उतरेल.’ आणि ते उतरताना मी पाहिले. माझ्या जनुकांनी आणि विषाणूंनी जे झाले नव्हते ते झाले, कारण तिचा प्रश्न मुळात जीवशास्त्राचा नव्हताच. ती त्या दिवशी प्रथमच रडली.

जाण्यापूर्वी पाळकसाहेबांनी आणखी एक गोष्ट केली आणि माझ्या मते तीच अधिक मोलाची ठरली. त्या घरी सकाळ-संध्याकाळ कुटुंबप्रार्थना होई. त्यांनी ठरवून दिले की, प्रार्थना संपली की तिथेच इंजेक्शन, आणि मग सारे जेवायला बसतील. बरण्यांच्या मागे लपवलेली इन्सुलिनची डबी बायबलशेजारी आली. पुढच्या काही वर्षांत त्या मुलीचा डोस क्वचितच चुकला. औषध वेळेवर घेतले जावे म्हणून आपण तक्ते छापतो, फोन करतो. इतका भरवशाचा गजर मला आजवर दुसरा सापडलेला नाही.

या प्रसंगानंतर मी हा विषय थोडा पद्धतशीर वाचू लागले. ईयोबाच्या ग्रंथात एक जागा आहे. सर्वस्व गमावलेल्या ईयोबाला भेटायला त्याचे तीन मित्र येतात आणि सात दिवस सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर मूकपणे बसून राहतात. त्यानंतर ते बोलू लागतात, आणि तुझे काहीतरी पाप असलेच पाहिजे असे त्याला पटवू पाहतात. ग्रंथाच्या अखेरीस देव त्या मित्रांवरच कोपतो. आम्हा डॉक्टरांना त्या पहिल्या सात दिवसांचा सराव नसतो. मार्काच्या शुभवर्तमानातली याईराची बारा वर्षांची मुलगी तर बालरोगतज्ज्ञाने मुद्दाम वाचावी. गर्दी आणि आक्रोश बाहेर घालवून येशू आईवडिलांना आत ठेवतो, मुलीचा हात धरतो, आणि ती उठल्यावर पहिली सूचना देतो ती तिला काही खायला देण्याची. चमत्कारावर विश्वास ठेवा वा न ठेवा, एवढा क्रम आयसीयूच्या दारावर लावण्यासारखा आहे.

या परंपरेतून आधुनिक वैद्यकात आलेल्या दोन व्यक्तींविषयी थोडे विस्ताराने सांगावेसे वाटते. पहिला जिनिव्हाचा डॉक्टर पॉल तुर्निए (१८९८–१९८६). वडील धर्मोपदेशक; ते मुलगा काही महिन्यांचा असतानाच वारले. आई गेली तेव्हा तो जेमतेम सहा वर्षांचा होता. नातेवाइकांकडे वाढलेला हा मुलगा अबोल आणि बुजरा झाला. शाळेतल्या ग्रीकच्या एका शिक्षकांनी त्याला घरी बोलावून बोलते केले, असे तो पुढे कृतज्ञतेने सांगत असे. मोठेपणी तो साधा फिजिशियन झाला. मानसोपचाराचे रीतसर शिक्षण त्याने कधीच घेतले नाही. १९३७ मध्ये त्याने आपल्या रुग्णांना पत्र लिहून कळवले की, यापुढे तो आजाराबरोबर संपूर्ण व्यक्तीचा विचार करणार आहे. १९४० मध्ये ‘मेदसीन द ला पेर्सोन’, म्हणजे व्यक्तीचे वैद्यक, हे त्याचे पुस्तक आले. अपराधभावावर त्याने १९५८ मध्ये स्वतंत्र ग्रंथ लिहिला. आपण खरोखर केलेल्या अन्यायाची बोच वेगळी आणि समाजाने, घराने, कधी धर्मानेही आपल्यावर लादलेली बोच वेगळी, हा त्यातला भेद मला रोजच्या कामात उपयोगी पडतो. पेढ्यांची बोच दुसऱ्या जातीची होती. वॉर्डात ओरडल्याची माझी बोच मात्र पहिल्या जातीची. तिच्यावर उपाय एकच होता. मी त्या आईची क्षमा मागितली. डॉक्टरने आपली क्षमा मागितलेली तिने बहुधा कधी ऐकली नसावी. ती माझ्यापेक्षा अधिक अवघडली.

दुसरी व्यक्ती सिसिली सॉन्डर्स (१९१८–२००५). आधी परिचारिका, मग पाठीच्या दुखण्यामुळे ते काम सोडून रुग्णालयातली समाजसेविका, आणि १९५७ मध्ये डॉक्टर. युद्धानंतर लंडनच्या एका रुग्णालयात डेव्हिड तास्मा नावाच्या पोलिश ज्यू निर्वासिताशी तिचा स्नेह जमला. कर्करोगाने खंगलेला, आप्त नसलेला हा तरुण १९४८ मध्ये वारला आणि तिच्या नियोजित शुश्रूषागृहातली एक खिडकी आपल्या नावाने व्हावी म्हणून तिला पाचशे पौंड ठेवून गेला. ते शुश्रूषागृह, सेंट क्रिस्तोफर्स हॉस्पिस, उभे राहायला १९६७ साल उजाडले. सॉन्डर्स श्रद्धावान ख्रिस्ती होती आणि संस्थेत प्रार्थनागृहही होते. तथापि प्रवेशासाठी कोणाचा धर्म विचारला जात नव्हता. तिने मांडलेली ‘संपूर्ण वेदना’ ही कल्पना आता पाठ्यपुस्तकांत आहे: शरीराची, मनाची, घरसंसाराची आणि जगण्याच्या अर्थाची वेदना एकमेकींत गुंतलेली असते, एकच सोडवू गेले तर गाठ सुटत नाही.

या कथेतला एक भाग मात्र भाविक मंडळी सांगायचे विसरतात. सॉन्डर्सने प्रार्थनेबरोबर मॉर्फीनचा हिशेब चोख ठेवला. वेदना असह्य झाल्यावर डोस देण्याची तेव्हाची रीत तिने मोडली आणि ठरावीक तासांनी, वेदना परतण्याआधीच, तोंडावाटे मॉर्फीन देण्याची पद्धत रुजवली. रुग्णाला वेदनेच्या भीतीतून सोडवल्याशिवाय त्याच्या मनाशी बोलता येत नाही, हे तिला ठाऊक होते. पुढे १९८२ मध्ये ऑक्सफर्ड येथे एका अँग्लिकन जोगिणीच्या पुढाकाराने हेलन हाउस हे मुलांसाठीचे पहिले हॉस्पिस निघाले. आपल्याकडे १९८६ मध्ये मुंबईत शांती अवेदना सदन सुरू झाले. गोव्यातही त्याची शाखा निघाली. मॉर्फीन मिळवण्यातल्या कायद्याच्या अडचणी मात्र २०१४ च्या दुरुस्तीपर्यंत सुलभ झाल्या नव्हत्या, आणि त्या काळात आपल्या भागातल्या किती रुग्णांना केवळ धीराच्या शब्दांवर दिवस काढावे लागले, हे या सभासदांना सांगायला नको.

आता काही व्यवसायबंधू विचारतील, प्रार्थनेने रुग्ण बरा होतो याला पुरावा काय? प्रश्न रास्त आहे. हर्बर्ट बेन्सन आणि सहकाऱ्यांनी हृदयाची बायपास शस्त्रक्रिया झालेल्या १,८०२ रुग्णांवर केलेली चाचणी २००६ मध्ये प्रसिद्ध झाली. आपल्यासाठी प्रार्थना होत आहे की नाही हे निश्चित ठाऊक नसलेल्यांपैकी, प्रार्थना झालेल्या गटात ५२ टक्के आणि न झालेल्या गटात ५१ टक्के रुग्णांना गुंतागुंत झाली. म्हणजे फरक नाही. ज्यांना प्रार्थना होत असल्याचे निश्चित सांगितले होते, त्यांच्यात हे प्रमाण ५९ टक्के निघाले. आपली प्रकृती एवढी गंभीर आहे की काय, अशी धास्ती त्यांना वाटली असावी, असा एक तर्क आहे. श्रद्धावंतांनी या निष्कर्षाने खट्टू होऊ नये, असे मला वाटते. अनोळखी माणसांनी दुरून, ठरावीक दिवस, ठरावीक शब्दांत करायची प्रार्थना म्हणजे औषधाच्या गोळीची नक्कल होती. आमच्या वॉर्डातल्या स्टुलावर जे घडले ते त्या चाचणीत मोजलेच गेले नव्हते. तिथे एक ओळखीचा माणूस आला, त्याने ऐकले, दोष दिला नाही आणि इन्सुलिन चालू ठेवायला सांगितले.

याच कारणासाठी मी आता श्रद्धेविषयी विचारते. क्रिस्टिना पुखाल्स्की या अमेरिकन डॉक्टरने १९९६ च्या सुमारास यासाठी ‘फायका’ ही सोपी प्रश्नावली तयार केली. तिचे चार विषय असे: श्रद्धा, तिचे जीवनातले स्थान, आधार देणारा समुदाय, आणि उपचारांत त्याची दखल कशी घ्यावी. मी ती आपल्या बोलीत वापरते. ‘कठीण वेळी तुम्हाला कशाचा आधार वाटतो?’ ‘हा आजार का आला असं घरात बोललं जातं?’ ‘कोणी औषध बंद करायला सांगितलंय का?’ दुसरा प्रश्न माझ्या पदरचा आहे आणि सर्वांत अधिक माहिती त्यातूनच मिळते. मुलाला मी वेगळे विचारते, शक्यतो चित्र काढता काढता.

विचारणे आणि उपदेश करणे यांतली रेघ मात्र पुसू देता कामा नये. तापाने फणफणलेले मूल आपल्या हातात असते तेव्हा त्याचे आईवडील आपल्याला नाही म्हणू शकत नाहीत. त्या क्षणी स्वतःचा धर्म पुढे करणे म्हणजे त्यांच्या असहायतेचा फायदा घेणे होय. रुग्णाने स्वतः मागितल्याखेरीज मी कोणासोबत प्रार्थना करत नाही. मुस्लिम कुटुंबाला मौलवींना आणायचे असेल, आजीला गणपतीचा अंगारा लावायचा असेल, तर नळ्या आणि निर्जंतुकपणा सांभाळून जागा करून देते. उलट, फेफऱ्याला भूतबाधा म्हणणे, नैराश्याने ग्रासलेल्या किशोरवयीन मुलाला अधिक उपास करायला लावणे, इन्सुलिन किंवा फिटची गोळी तोडणे, अशा वेळी कोणत्याही धर्माच्या कोणत्याही अधिकाऱ्यापुढे मी नमते घेत नाही. अशा प्रसंगी त्या घराला मान्य असलेला, समंजस धर्मगुरू शोधून त्यालाच आपल्या बाजूला बसवणे हा उपाय मला भांडणापेक्षा अधिक फलदायी वाटला आहे. प्रत्येक गावात असा एखादा तरी असतो. त्याचा फोननंबर रक्तपेढीच्या नंबराशेजारी असावा.

ती मुलगी आता चोवीस वर्षांची आहे. गेल्या वर्षी तिचे लग्न झाले. मोठ्यांच्या डॉक्टरांकडे पाठवून बरीच वर्षे झाली तरी अधूनमधून येते. मागच्या महिन्यात आली, एचबीएवनसीचा रिपोर्ट टेबलावर ठेवला आणि म्हणाली, ‘मॅडम, माझ्या बाळालाही हे होईल का हो?’ आकडा माझ्या ओठांवर होता. आईला टाइप १ मधुमेह असल्यास बाळाला तो होण्याची शक्यता शंभरात दोन-तीन एवढीच असते. तो मी नंतर सांगितलाही, आणि गर्भधारणेपूर्वी साखर काटेकोर आटोक्यात आणावी लागेल हेही सांगितले. पण आधी मी रिपोर्ट बाजूला ठेवून विचारले, ‘घरात कोणी काही म्हणालं का?’

ती थोडा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, ‘सासूबाई.’

पुढच्या भेटीला सासूबाईंना बरोबर घेऊन ये, असे सांगून मी तिला शनिवारची वेळ दिली. त्या दिवशी ओपीडीला गर्दी कमी असते.